शाईचं पाणी

दावरोनच्या अब्बांना सलाम,

तुम्ही अल्लाघरी गेल्यापासून मला रडूच येत नाही, म्हणून तुमचे शिष्य काळजीत पडलेत. आज खीवाहून तुमचा तिथला शिष्य सोदिक आला, वाळवंट तुडवत. तुम्ही त्याला लिहिलेलं पत्र पाण्यात भिजवून ते शाईचं पाणी मला पाजायचं, असं सगळ्या शिष्यांनी ठरवलं होतं.

"पीरअम्मा, डोळे मिटून प्या. हजरतांचं अक्षर आहे, गुण येणारच."

"आधी वाचून तरी दाखव. औषधात काय आहे ते कळू दे."

त्याचा मुलगा वारला तेव्हाचं पत्र होतं. तुम्ही लिहिलं होतंत, 'तुझ्यासाठी मीही रात्रभर रडलो.' वाचताना सोदिकला हुंदका आवरेना.

त्याच हिवाळ्यात आपला दावरोन गेला. तुम्ही साधनेच्या खोलीतून बाहेर आलात, "अल्लाची अमानत होती," म्हणालात आणि चहा मागितलात. मी चहा केला.

पाणी प्यायले. कडू होतं.

"काही वाटतंय का, अम्मा?"

एवढ्या लांबून आला होता बिचारा. म्हटलं, "हो, बरं वाटतंय."

ते ऐकून आता बुखाऱ्यातले सगळेच शिष्य तुमची आपापली पत्रं घेऊन उद्यापासून येणार आहेत. वाटी धुऊन ठेवली आहे.

दावरोनची आई