परत न आलेल्या एकसष्ट जणी

अमरावती, १२ फेब्रुवारी १९६२, सोमवार

सिद्ध काय करावयाचे ते प्रथमच लिहून ठेवतो. कर्करोगाच्या रोग्यास, विशेषतः स्त्रीस, रोगाचे नाव सांगू नये. सांगितल्यास ती शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही. ही प्रतिज्ञा. हेतू, म्हणजे कारण — माझी चौतीस वर्षांची शस्त्रक्रिया. उदाहरण — माझी नोंदवही. स्तनाच्या कर्करोगाच्या शहाण्णव शस्त्रक्रिया. एकीलाही नाव सांगितले नाही. त्यांपैकी एकसष्ट बऱ्या. बरी कोणास म्हणावे याची व्याख्याही पहिल्याच पानावर आहे: पाच वर्षांत जी पुन्हा तक्रार घेऊन आली नाही, ती बरी.

चार मार्चला अकोल्यास डॉक्टरमंडळींपुढे हा निबंध वाचावयाचा आहे. वडिलांनी ओटीवर बसवून न्यायशास्त्र शिकवले. पौरोहित्य मी सोडले. न्यायशास्त्र सुटले नाही.

निबंधाची वेळ एका माणसाने आणली. डॉ. शेषराव तायडे, वय एकतीस. मुंबईस दोन वर्षे कर्करोगाच्या रुग्णालयात काढून गेल्या जूनपासून माझा सहायक. हात उत्तम — हे नाकारणार नाही. पण हा मनुष्य खाटेशी स्टूल ओढून बसतो आणि रोग्याला सगळे सांगतो! वर पत्ता लिहून घेऊन दर तीन महिन्यांनी कार्ड टाकतो. मी विचारले, "तुम्ही सर्जन आहात की पोस्टमास्तर?"

"दोन्ही, सर. पगार तेवढा एकच."

१४ फेब्रुवारी, बुधवार

इंदूबाई बोबडे दाखल. वय त्रेचाळीस, मुलींच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. डाव्या स्तनात आवळ्याएवढी घट्ट गाठ, काखेत एक लहान. अजून वेळ गेलेली नाही. शनिवारी शस्त्रक्रिया ठरवली. पती वामनराव कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. मला व्हरांड्यात नेऊन हात जोडले. "डाक्टरसाहेब, तिले काही सांगू नका. तुमी सांगसान त जिवाचं काही करून घेईन ती."

मी शब्द दिला. बाईंना सांगितले, दुधाची गाठ आहे.

१५ फेब्रुवारी

तायड्यांनी सांगितले!

खोलीत बोलावून विचारले. म्हणाले, "त्यांनीच विचारलं, सर. कॅन्सरच आहे ना, म्हणून. खोटं सुचायच्या आत मान हलली."

संध्याकाळच्या फेरीत बाई ताठ बसलेल्या. रडणे नाही. वर्गात उशिरा आलेल्या मुलीकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले.

"दुधाची गाठ का, साहेब? माह्यं लेकरू एकोणीस वर्षांचं हाये."

मग म्हणाल्या, "तुमच्या हातची जगलेली एक तरी बाई दाखवा मले."

वही मागवली. मैना देवराव कुऱ्हाडे, शेंदूरजनाघाट, शस्त्रक्रिया १९५१, बरी. बाईंनी नाव-गाव वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहून तो फाडून घेतला. उदाहरण मागणारा रोगी मला आजवर भेटला नव्हता. राग होता, तरी मनातून बरे वाटले.

१६ फेब्रुवारी

खाट रिकामी. आया गंगूबाई म्हणते, "सकायी उठल्या, लुगडं बदललं, म्हने येतो. मले वाटलं मोरीत गेल्या."

शहाण्णवांना सांगितले नाही. त्या टेबलावर आल्या. एकीला सांगितले; ती पळाली. याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा? मात्र आनंद होत नाही. गाठ कोणाच्या निबंधासाठी थांबत नाही.

१७ फेब्रुवारी

टेबल मोकळे, म्हणून धारणीकडचा एक म्हातारा घेतला. गालाला भोक पडलेले, वरून गावच्या मांत्रिकाने डागलेले. सहा महिने उशीर! वीज दोनदा गेली.

१९ फेब्रुवारी, सोमवार

तायड्यांशी वाद. मी म्हणालो, तुमच्या सत्याने एक जीव घालवला.

"अजून गेलेला नाही, सर. आणि एक विचारू? वहीतल्या एकसष्ट बऱ्या — त्यांना नंतर कोणी पाहिलं?"

"त्या परत आल्या नाहीत. दुखत असते तर आल्या असत्या."

"परत न यायला दोन कारणं असतात. बाई बरी झाली, किंवा मेली."

"मेली असती तर घरचे भांडायला आले असते. वऱ्हाडात राहता ना तुम्ही?"

"मी अकोल्याचाच. आमच्याकडे भांडायला यायलासुद्धा मोटारीचं भाडं लागतं."

या वाक्यात तर्क कमी आणि टोमणा जास्त. तरीही ते येथे नमूद करतो.

२२ फेब्रुवारी

इंदूबाईंचा पत्ता नाही. वामनराव रोज बाकावर येऊन बसतात. आज एवढेच म्हणाले, "तुमी कबूल केलं होतं, साहेब."

२४ फेब्रुवारी, शनिवार

इंदूबाई परत आल्या. दुपारी, पायांवर धूळ, हातात पिशवी. तायडे खोलीतच होते. बसा म्हटले तर बसल्या नाहीत.

"कुठे होता?"

"तुमची मैना पाहाले गेली होती. वरुडले माहेरी राहून शेंदूरजन्याले दोन चकरा मारल्या. मैना मेली, साहेब. त्रेपन सालीच. तुमच्या वहीत ते अजून 'बरी'च हाये."

मी विचारले, कोणी सांगितले? नवऱ्याने. देवराव बागेत संत्री निवडत बसला होता. हात न थांबवता बोलला म्हणे. बाईंनी त्याचे बोलणे जसेच्या तसे सांगितले — "'हासळीपाशी, गळ्याखाली, दुसरी गाठ आली. मैना म्हने, डाक्टरले दाखवा. मी म्हनलं, सायबानं सांगतलं हाये, समदं काढलं, आता यायचं काम नाही. मंग कावून जाऊ?' असा म्हने तो. चार महिन्यांत सरली. आंब्या बहाराच्या संत्र्याची तोड चालू होती तवा."

"रोग कोणता, हे त्याला ठाऊक होते?"

"दुधाची गाठ. आजही त्याले तेच वाटते."

"मग तुम्ही सांगितलेत?"

बाई प्रथमच खाली पाहू लागल्या. "नाही सांगू शकली. बाजूले तिची पोरगी उभी होती."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "सोमवारी करा माह्यं ऑपरेशन. चाकू तुमचा. बोलणं ह्यायचं." — तायड्यांकडे बोट.

"बोलणेही मीच करीन," मी म्हणालो.

"पाहू," म्हणाल्या. शेरा राखून ठेवला.

२५ फेब्रुवारी

रविवार वहीपुढे गेला. एका मैनेमुळे एकसष्टांचे साठ होतात. शून्य होत नाही. देवराव अडाणी, चुकीचे ऐकले असेल. मी तसे म्हटल्याचे मला आठवत नाही.

तर्क ठीक आहे. तरी उरलेली साठ नावे एकामागून एक वाचली. चौघींविषयी खात्रीने सांगता येते की त्या जिवंत आहेत. चौघीही अमरावतीच्या; बाजारात दिसतात. बाकीच्या छप्पन?

२६ फेब्रुवारी

शस्त्रक्रिया झाली. अडीच तास. तायडे समोर. काखेत एक गाठ वाटली होती. चार निघाल्या, चारही टणक. तायड्यांनी माझ्याकडे पाहिले, मी टाक्याकडे.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

स्टूल ओढून बसलो. फार बुटके आहे ते. त्यावर बसले की आपले डोळे रोग्याच्या डोळ्यांसमोर येतात. उभ्याने येत नाहीत.

म्हणालो, "इंदूबाई, काखेत चार गाठी निघाल्या. दिसले तेवढे काढले. सगळे निघाले याची खात्री नाही. मुंबईस किरणांचा उपचार घ्यावा लागेल. त्यानंतर दर तीन महिन्यांनी येथे यायचे. दुखो न दुखो, यायचेच."

चौतीस वर्षांत हे एवढे एका दमात मी कोणत्याही बाईशी बोललो नव्हतो.

"मुंबईले किती दिवस?"

"सहा आठवडे."

"म्हणजे पोरींची परीक्षा गेली." बोटांवर आठवडे मोजले. मग, "जाईन. खात्री नाही म्हनलं, म्हणून जातो." दाराकडे मान केली, बाहेर वामनराव हुंदके देत होते. "त्यायले आज काही सांगू नका, साहेब. जिवाचं काही करून घेतीन."

आणि हसल्या! टाके ताणले गेले म्हणून मी रागावलो.

१ मार्च

निबंध पुन्हा लिहावयास बसलो. प्रतिज्ञेपुढे सरकत नाही. तायड्यांनी न विचारता कोऱ्या कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. चिडून म्हणालो, उचला तो. त्यांनी उचलला नाही. दुपारपर्यंत मीच एकवीस पत्ते लिहिले. कित्येकींच्या नावापुढे गावच नाही — नुसते "मेळघाट".

अकोला, ४ मार्च १९६२, रविवार

निबंध वाचला नाही. त्याऐवजी मैनेची हकीकत सांगितली आणि शेवटी हे वाचले. येथे उतरवून ठेवतो.

देवराव कुऱ्हाड्याने चुकीचे ऐकले नव्हते. "सगळे काढले, आता यायचे काम नाही" — हे वाक्य माझेच. आठवत नाही, असे रोजनिशीत लिहिले ते खरे नव्हे. दिलासा म्हणून शहाण्णवही जणींच्या घरच्यांना निरोप देताना मी तेच म्हणत आलो. एकसष्ट जणींनी माझे ऐकले.

चूक माझी.

— कमलाकांत वझलवार