तुम्ही सरळ विचारलंत

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. तुमच्यासमोर जे बोलता आलं नाही, ते आता लिहिते आहे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी मी वडूजला जुन्या अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात होते. एका मुलानं माझ्या वहीत ठेवलेली चिठ्ठी हेडमास्तरांच्या हाती लागली आणि त्यांनी ती वर्गापुढे मोठ्यानं वाचली. मी ती उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. मधल्या सुट्टीत शेजारची मैत्रीण दप्तर उचलून दुसऱ्या बाकावर गेली. घरी आई म्हणाली, "आता तुला कोण करून घेणार?" वडील मिलिटरीतून रजेवर आले होते. त्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं; मी जेवायला बसले की ते उठायचे. आदल्या वर्षी आमच्या आळीतल्या एका मुलीनं जीव दिला होता. तिचं नाव कुणी काढत नव्हतं. मला वाटायचं, आपल्यालाही असेच विसरतील. तिची आई दिवस दिवस दारात बसून असायची, ते मला दिसत असून दिसत नव्हतं.

मग एके दिवशी मी कंपासपेटी एका मुलीला देऊन टाकली आणि शिवणाच्या तासाला भरतकामाचा रुमाल तुमच्या टेबलावर ठेवला.

"अर्धाच झालाय की गं."

"असू दे, बाई. तुम्हीच ठेवा."

तुम्ही वर्ग सोडलात, मला थांबवलंत. मला अजून दिसतं, तुम्ही खडूचे हात पदराला पुसता, माझ्यासमोर बाकावर बसता आणि विचारता, "जिवाचं बरंवाईट करायचं मनात आहे का तुझ्या?" मी नाही म्हणते. तुम्ही हलत नाही. शेवटी मी मान डोलावते. "पण कुणाला सांगू नका, बाई. तुम्हाला माझी शपथ."

"ही शपथ मी पाळणार नाही," तुम्ही म्हणालात आणि माझा हात धरून भर बाजारातून घरी घेऊन आलात.

वडील ओट्यावर होते. त्यांनी तुमचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या घरचं आमी बघू, बाई."

"बघा ना. तेच सांगायला आले. पोरीला जगणं नकोसं झालंय. तिला एकटी सोडू नका, आणि तिच्याशी बोला."

"म्या काय केलं हिला? बोट तरी लावलं का?"

"बोलला नाहीत, हेच केलंत."

मी भिंतीला चिकटून उभी होते, आता मार बसणार म्हणून. वडिलांनी किती दिवसांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय गं? खरं हाय ह्ये?" मी पुन्हा मान डोलावली. ते तुमच्याकडे वळले. "आवं बाई, मला लय राग आला हुता. पर हे असलं... हे कवा मनात आलं न्हाई."

त्यांनी रजा वाढवून घेतली. बोलणं त्यांना जमत नव्हतं. कुठंही जाताना "चल" म्हणायचे आणि मला बरोबर न्यायचे. पुढं तासगावला मावशीकडे शाळा बदलून दिली, तिथं मॅट्रिक झाले. सगळं लगेच बरं झालं नाही. चारचौघांत कुणी मोठ्यानं काही वाचायला लागलं की अजून तळहाताला घाम येतो. सांगलीत तीस वर्षं शिकवलं, तेव्हा तुमचा तो प्रश्न मलाही तीन मुलींना विचारावा लागला. तिघींच्याही घरी गेले.

तासगावला तुमची दोन पत्रं आली होती. मी उत्तर दिलं नाही. माझं गुपित वडिलांपुढे उघडं केलंत, याचा राग होता. तुम्ही बरोबर होतात हे कळायला लागल्यावरही तो गेला नाही. खरं सांगते बाई, थोडा अजून आहे.