भोगीचं न्हाणं आणि महादेवी अक्का

२ जानेवारी
नातसून रेश्मानं तिच्या बँकेतली डायरी दिली. चौथी पास हाय मी, फुकट घालवायची न्हाय. नवीन वर्षाचा निश्चय: विजापूर रोडच्या वृद्धाश्रमात सेवेला जायचं. म्हाताऱ्या माणसांचं आयुष्य सुधारायचं.
माझी थोरली जाऊ महादेवी अक्का तितंच असती, पण त्याचा ह्याच्याशी काही संबंध न्हाय. अक्का दिवाळीनंतर आपल्या मर्जीनं गेली. मी एवढंच म्हटलं व्हतं की नातवाचं लग्न झालं, आता तुझा पलंग कुटं बसणार? एका वाक्यानं कोण घर सोडतं का? तिनं सोडलं.
रेश्मा म्हणाली, आजी, तुमच्या वयाची माणसं तितं राहायला जातात. मी म्हटलं, मला एकाहत्तरावं चालू हाय आणि पुढचे सगळे दात हायत.

३ जानेवारी
गेले. तिथल्या मॅडमचं नाव संघप्रिया. जीन्स घालती, पण बोलायला गोड. काय काय येतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, सगळं. ती म्हणाली, नुसतं बसून गप्पा मारल्या तरी पुष्कळ आहे आजी. हे काय काम झालं? सहा बायकांच्या डोक्याला तेल घातलं, बारीक फणीनं विंचरलं. एक रडली. आनंदानं.
अक्का खिडकीजवळच्या कॉटवर झोपली व्हती. उठवलं न्हाय. मी तशी दुसऱ्याचा विचार करणारी.

५ जानेवारी
तितलं जेवण म्हंजे आजाऱ्याचं. सगळ्यांसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली. दात कुणालाच न्हाईत, हे आधी सांगायला पायजे व्हतं मॅडमनं. भाकरी वरणात भिजत घातल्या. अजून भिजत असतील.
बसलिंगप्पा म्हणून एक हायत, जन्मभर चादरीच्या मागावर काम केलेले. कानाला मशीन लावतात. मी दारात दिसले की खाकरतात आणि मशीन काढून खिशात ठेवतात. सेल वाचवत असतील. काटकसरी माणूस.
अक्का झोपलेली. दुपारचे चार! घरात असताना मी दुपारी जरा आडवी झाले तर म्हणायची, नीलव्वा, म्हैस बसली का? तीच आता झोपती. रागावली असंल का? माझ्यावर कशाला रागावंल. मी काय केलं?

८ जानेवारी
टीव्हीवरची मालिका बंद करून भजन लावलं. हॉल एकदम शांत. बघा, किती फरक पडतो. मॅडमनं बाजूला घेऊन सांगितलं, आजी, त्यांना पण विचारत जा ना. मी म्हटलं, पोराला न्हाऊ घालताना विचारतो का आपण?
बोलता बोलता डोक्यात आलं. मंगळवारी भोगी. भोगीला डोक्यावरून न्हायचं असतं. सगळ्या बायकांना मीच न्हाऊ घालणार.
मी लग्न होऊन आले तवापासून दर भोगीला अक्काच माझ्या डोक्यावर पाणी घालायची. डोळ्यांत शिकेकाई जाऊ नये म्हणून कपाळावर हात धरायची. औंदा मी तिला घालणार. मग छातीवरचा दगड उतरंल. दगड हाय असं न्हाय. असला तर.

१३ जानेवारी, भोगी, संध्याकाळ
मॅडम म्हणाली व्हती, दुपारी ऊन तापल्यावर करा, आणि ज्यांना हवं त्यांनाच. मी म्हटलं, भोगीचं न्हाणं दुपारी करायला आमी काय तालेवार हाय? दिवस उगवायच्या आत गेले.
अक्काला मुद्दाम शेवटी ठेवलं, निवांत वेळ मिळावा म्हणून. आणि समोर बसल्यावर काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून.
अक्का पाटावर बसली. डोक्याला शिकेकाई लावली आणि नळ सोडला तर गार पाणी. सोलरमधलं सगळं ऊन पाणी आधीच्या बायकांवर गेलेलं. आता शिकेकाई तशीच ठेवता येत न्हाय की. घातलं गार. कपाळावर हात धरायचा राहून गेला.
अक्कानं हातानं डोळे पुसले. एकदा फक्त वर बघितलं.
दोष सोलरचा.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगुळाचा डबा घेऊन गेले. निम्मा आश्रम शिंकतोय. अक्काला ताप भरला, छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं. मॅडम मला काहीच बोलली न्हाय. बोलली असती तर बरं झालं असतं. मीच म्हटलं, तुमचा सोलर बघून घ्या.
डबा तसाच परत आणला.

१६ जानेवारी
दवाखान्यात गेले. वॉर्डच्या दारापर्यंत. नर्सनं विचारलं, पेशंट कोण तुमच्या? मी म्हटलं, मी आश्रमात सेवेला असते.
चोपन्न वर्षं एका चुलीवर जेवलो.
रात्री भाकरी अर्धी टाकली. पीठ जुनं असंल.

१८ जानेवारी
ठरलं. अक्काला कायमची घरी आणायची. माझा पलंग तिला, मी खाली. घरात जाहीर केलं. रेश्मा म्हणाली, आजी, आम्ही दिवाळीतच म्हणत होतो, राहू दे त्यांना. तुम्हीच म्हणालात, जागा नाही. नको ते बरोब्बर लक्षात राहतं ह्या पोरीला.
जागा न्हाय असं मी म्हटलं नव्हतं. पलंग बसणार न्हाय, असं म्हटलं व्हतं.
आज दोन्ही पलंग लावून बघितले. बसतात.

२४ जानेवारी
अक्का बरी होऊन आश्रमात परत आली. मी रिक्षा घेऊनच गेले, थांबवून ठेवली. बसलिंगप्पा खाकरले. पण आज अक्का जागी व्हती.
मी म्हटलं, चल, घरी. पलंग बसतो.
ती म्हणाली, बस आधी. मग सगळं ऐकवलं. बसलिंगप्पांचं खाकरणं म्हंजे सगळ्यांना इशारा, नीलव्वा आली. ते खाकरले की ती डोळे मिटायची. इतके दिवस. त्या बारीक फणीच्या भीतीनं.
मी म्हटलं, म्हंजे माझ्यावर राग न्हाय? ती म्हणाली, हाय की. तू घरातनं काढलंस, तो राग राहणार. मी मरेस्तोवर राहणार. पण खिडकी मी सोडत न्हाय. हितं माझी मालिका असती, बोलायला बायका असतात, आणि तू पाचला घरी जातीस. तितं कुटं जाशील?
मी उठून तिच्या खिडकीचा पडदा सरळ केला.
निघताना म्हणाली, सोमवारी ये. चटणी बारीक कुटून आण. फणी आणू नको.
रिक्षावाल्यानं विचारलं, पेशंट कुटं हाय? मी बसले आणि म्हटलं, चल.

२५ जानेवारी
शेंगदाणे भाजले. चटणी बारीक कुटली. फणी पिशवीत ठेवली. काढली. परत ठेवली. काढली.
उद्या आश्रमातनं पाचऐवजी साडेचारलाच निघेन म्हणते. तेवढीच सेवा.