ज्वारीच्या दाण्याएवढी पृथ्वी

२० जानेवारी १९६४, सोमवार

शाळेतून आले तेव्हा बाबा ओट्यावर तसेच. सकाळी बसवून गेले होते, तिथेच. शेजारच्या कौसल्याबाईंनी दुपारी भाकरी दिलेली, अर्धी ताटलीत पडून. "भूक नव्हती." पुढे विचारलं नाही. पाणी, चूल, वह्या.

हेडमास्तरांनी आज सांगितलं, पुढच्या महिन्यात डिप्टीसाहेब तपासणीला येणार. नमुना पाठ मी घ्यायचा. सातवी, भूगोल, सूर्यमाला. "तुमचं कायम होणं यावरच आहे, शांताबाई." मान हलवली. मीच का, ते विचारायचं राहिलं.

२२ जाने.

पुस्तकातलं चित्र अगदीच खोटं. सगळे एका पानात कोंबलेत. सूर्य पुरीएवढा, पृथ्वी सुपारीएवढी, चंद्र हरभरा. मुलं तेच खरं धरून बसणार. कपाटातल्या एका जुन्या पुस्तकात सगळ्यांचे व्यास मैलांत मिळाले. जेवणाआधी भागाकार करत बसले. पृथ्वी ज्वारीचा दाणा धरली तर गुरू मोठं लिंबू, शनी जरा लहान. पुढचे दोघे बोरं. मंगळ बाजरी. सूर्य लाल भोपळा, तोही कवेत जेमतेम मावेल असा.

बाबा म्हणाले, "काय पुटपुटून राह्यली?" त्यांच्या तळहातावर ज्वारीचा दाणा ठेवला, मग राजगिऱ्याचा.

"हे काय?"

"चंद्र."

बोटानं चाचपत राहिले. "हातावर काही हाय असं वाटतच नाही." थोड्या वेळानं, "कापसाची गाडी घेऊन मी रातभर मलकापूरले जाओ. चांदनं असलं का कंदील लावाचं काम नाही. थो चांद एवढा?"

मी म्हटलं, जवळ आहे म्हणून मोठा दिसतो. दाण्यापासून अर्ध्या वितीवर. दुखावल्यासारखे वाटले. माझी पाठ भरून आलेली, समजूत घालायचा जीव नव्हता.

२५ जाने.

बाजारातून भोपळा आणला. भोपळेवाली म्हणाली, "लगन हाय काय बाई?" हो म्हटलं.

सुपात सगळे ग्रह मांडून ठेवलेत, ओळीनं. भोपळा खाली, ओट्याला टेकून. बाबांनी त्याच्यावर हात फिरवला, देठापासून बुडापर्यंत, बराच वेळ. मग म्हणाले, "आन् आर्द्रा? मिरगापाशी लाल चांदनी असते थे?"

आर्द्रेचं पुस्तकात आहे, सूर्याच्या शेकडो पट. हा भोपळा सूर्य, तर आर्द्रा शाळेपासून बाजाराच्या मैदानापर्यंत. मधली घरं, विहीर, सगळं तिच्या पोटात.

"मंग आपुन कुठी?"

"दाण्यावर."

"दान्यावर कुठी?"

भाकरी करपायला लागली होती. उठले.

डोळ्यांचा विषय आज पुन्हा काढला. बुलढाण्याचे डॉक्टर गेल्या वर्षीच म्हणाले होते, मोतीबिंदू पिकलाय, काढून टाकू. बाबांचं तेच. त्यांच्या जोडीच्या गाडीवानानं काढून घेतला आणि होतं तेवढंही गेलं. "आता उजेड-अंधार तरी समजते. थेही जाईन."

३० जाने.

आज फार वाईट झालं. घरी आले तर बाबा अंगणात गुडघ्यावर. दोन्ही हात मातीत. पाणी प्यायला उठले, पाय सुपाला लागला, सगळं सांडलं. कौसल्याबाई शेतात. केव्हापासून शोधत होते कोण जाणे.

"लिंबं सापडले. बोरं बी. दाना सापडून नाही राह्यला."

म्हटलं, राहू द्या, घरात पोतं भरून ज्वारी आहे.

"तूनं नेमून ठेवलेला व्हता थो."

गुडघ्यातून रक्त. मी ओरडले त्यांच्यावर. उठलात कशाला, कौसल्याबाईंना हाक मारायची, मी काय काय बघू. कोंबड्या तिथंच फिरत होत्या, दाणा त्यांनीच टिपला असणार. गुडघा धुतला, हळद लावली. तेव्हा माझा हात धरून म्हणाले, "घरातल्या घरात हारपलो ना बाई मी."

जेवताना आपणहून, "ने मले बुलढाण्याले. डोया गेला तं गेला."

३ फेब्रु.

कौसल्याबाईंचा मुलगा बुलढाण्याहून विचारून आला. सातला भरती, आठला ऑपरेशन. तपासणीही आठलाच.

हेडमास्तर म्हणाले, "चार वर्षं थांबले, आणखी आठ दिवस थांबतील तुमचे वडील."

म्हटलं, डॉक्टर पुढची तारीख सांगत नाहीत. आणि बाबांचं मन तोवर राहील की नाही, हे मलाही सांगता येत नाही.

"मला शेरा लिहावा लागेल."

"लिहा."

रजेचा अर्ज टेबलावर ठेवून वर्गात गेले. मग वाटलं, जाऊन माफी मागावी. तास संपला, घंटा झाली. गेले नाही.

पाठ आता सहावीचे गुरुजी घेणार. सामान त्यांच्याकडे दिलं. सूप, भोपळा, सगळं. ज्वारीचा दाणा वर्गात द्या, मुलांच्या हातात द्या, भिंतीवर चित्र लावू नका, एवढं सांगितलं. बरं म्हणाले. चित्रच लावतील.

७ फेब्रु., बुलढाणा

सकाळची एस.टी. बाबा खिडकीपाशी. वारा लागला की गाव संपलं म्हणत, आणि बरोबर असे. दवाखान्यात खाट मिळाली. मला जमिनीवर सतरंजी.

८ फेब्रु.

झालं. एकच डोळा, उजवा. पट्टी मात्र दोन्हींवर. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही, खोकायचं नाही. चमच्यानं पेज दिली. शाळेत आता पाठ सुरू असेल असं अकराच्या सुमारास मनात आलं. मग डोळा लागला. बसल्याबसल्याच.

९ फेब्रु.

शेजारच्या खाटेवर शेगावकडचे एक म्हातारे. त्यांचीही पट्टी. दोघं छताकडे तोंड करून बोलतात.

"सूर्य भोपळ्याएवढा धरला ना, तं चांद राजगिऱ्याएवढा हाय. ठाव हाय काय बे तुले?"

"कोन सांगतलं?"

"पोरीनं मोजलं."

ते म्हातारे पुष्कळ वेळ हसले. नर्स येऊन रागावली.

१२ फेब्रु.

शेजारच्या म्हाताऱ्यांची पट्टी आज सोडली. डॉक्टरांनी समोर बोटं धरली, किती विचारलं. त्यांना नुसता हात हलल्यासारखा दिसला. चष्मा लागला की बघू, म्हणाले डॉक्टर. बाबांनी सगळं ऐकलं. पेज नको म्हणाले.

दिवेलागणीला एकदम, "शांते."

"काय बाबा?"

"मी शेवटी पाह्यली तुले, त्याले चार वर्सं झाले. आता कशी दिसतं तू?"

खिडकीच्या काचेत माझं तोंड दिसत होतं. कपाळावरचे केस पांढरे, डोळ्यांखाली काळं.

म्हटलं, तशीच.

पट्टी परवा सोडणार.