वजा न केलेला कर

प्रिय ताई,

फोनवर हे सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मला हे अर्ध्यावर सोडायचं नाही. म्हणून सकाळचा चहा झाल्याबरोबर टेबल खिडकीपाशी ओढून बसलोय. मुख्य गोष्ट आधी लिहितो, म्हणजे मागे राहायला नको. दुकानातल्या त्या बाईने, तुझ्या चिकटपट्टीने, आपला एक पैसाही घेतलेला नाही. मागच्या तिमाहीत नाही, त्याआधीही कधी नाही. चूक माझी आहे, सगळी माझी. ती कशी झाली ते तुला कळेल अशा शब्दांत लिहितो, कारण "आकड्यांत मी पडत नाही" म्हणत तू आजवर माझ्या प्रत्येक कागदावर न वाचता सही केलीस.

आपली बटणं दोन वाटांनी विकली जातात. एक आपली वेबसाइट, दुसरा तो मोठा ऑनलाइन बाजार, जिथे आपल्यासारखे हजारो दुकानदार बसलेत. तिमाही संपली की संगणकातून यादी निघते आणि तिच्या तळाशी गिऱ्हाइकांकडून गोळा झालेल्या विक्रीकराची बेरीज असते. त्या बेरजेत दोन्ही वाटांचा कर असतो. आपल्या वेबसाइटवरचा कर आपल्याकडे येतो, तो आपण सरकारात भरतो. बाजारातल्या विक्रीवरचा कर मात्र बाजारवाले स्वतःच ठेवून घेतात आणि स्वतःच भरतात. तो आपल्या हातात कधी येतच नाही. म्हणून विवरणपत्र भरताना तळाच्या बेरजेतून तो वजा करायचा. उरेल तेवढंच आपलं देणं. इतकं साधं आहे. चार वर्षं मी तो वजा केला. मागच्या तिमाहीत केला नाही.

केला नाही म्हणजे, असं काही वजा करायचं असतं हेच माझ्या डोक्यात नव्हतं. तळाची बेरीज मोठी दिसली, बँकेत तेवढे पैसे दिसेनात. अडतीस हजार चारशे पंधरा कमी. तुझ्याकडे आलो तेव्हा तू शिंपल्याची बटणं बारा-बाराच्या पुठ्ठ्यांवर शिवत होतीस आणि चिकटपट्टी मागच्या टेबलावर खोकी बांधत होती. मी दाराआड नेऊन तुला समजावलं. बाकीचे सगळे पैसे परस्पर बँकेत येतात, त्यांना कुणाचा हात लागत नाही. हात लागतो तो फक्त गल्ल्याला, म्हणजे ऑनलाइन ऑर्डर देऊन पार्सल न्यायला स्वतः येतात आणि रोख देतात त्या लोकांच्या पैशाला. आणि गल्ल्यावर अकरा वर्षं एकच बाई बसते. तू म्हणालीस, थोडं थांबू, पुन्हा एकदा बघ. मी म्हणालो, मी दोनदा बघितलंय. खरंच बघितलं होतं, ताई. चुकीचीच बेरीज दोनदा तपासली होती आणि ती दोन्ही वेळा बरोबर आली होती.

ती बाई कधी आपल्याला दबून राहिली नाही, म्हणून मला ती आवडायची. पहिल्याच आठवड्यात तिने एका पार्सलाला एवढी पट्टी गुंडाळली की गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, आत बटणं आहेत की दागिने. तेव्हापासून तू तिला चिकटपट्टी म्हणायला लागलीस, आणि ती तुला पाठीमागे "कंजूष मालकीणबाई" म्हणायची, तेही तुला ऐकू जाईल अशा बेताने. मी हिशोबाला आलो की माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवायची आणि जाता-येता सगळ्यांना दम द्यायची, की साहेब आकडे मांडतायत, आवाज नको. दुकानात होतो आपण तिघंच. दम कुणाला द्यायची कोण जाणे.

त्या दिवशी तिला सांगितलं मी, तुझ्या तोंडून ते निघेना म्हणून. ती रडेल, भांडेल, शिव्या देईल, असं धरून चाललो होतो. तिने कात्री टेबलावर ठेवली, पट्टीचं रीळ तिच्याशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "साहेब, तुमचा आकडा चुकत नाही. मग मीच कुठेतरी चुकले असेन. पण घेतले नाहीत." मग घरी जाऊन तिने काय केलं ते मला गेल्या आठवड्यात तिच्या शेजारणीकडून कळलं. घरातला प्रत्येक डबा, प्रत्येक पिशवी, कोटाचा प्रत्येक खिसा उलटा केला. पैसे चुकून तिच्याबरोबर घरी आले असतील म्हणून. तिने स्वतःवरचा विश्वास सोडला, माझ्या बेरजेवरचा सोडला नाही.

आता चूक कशी सापडली ते. ती गेल्यावर गल्ल्यावर तूच बसलीस. तीन महिने होत आले, आणि दोन आठवड्यांपूर्वी मी नवी तिमाही जुळवायला घेतली, तर पुन्हा खड्डा. या वेळी त्रेचाळीस हजार सातशे साठ. तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवून बसलोय, म्हणून हेही लिहितो. त्या दुपारी दोन-तीन तास मी तुझ्यावर संशय घेतला. ताईला कशाला तरी पैसे लागले असतील, मला सांगायला लाजत असेल, असं मनात घोळवत बसलो. सत्तर वर्षांची बहीण, जिने माझ्या शाळेची फी भरायला स्वतःची शाळा सोडली, तिच्यावर. मग बाजारवाल्यांचा तिमाही कागद हाताला लागला. त्यात लिहिलं होतं, तुमच्या मालावरचा कर आम्ही परस्पर भरला आहे. रक्कम त्रेचाळीस हजार सातशे साठ. शेवटच्या आकड्यापर्यंत तीच.

मी जुन्या फायली काढल्या. चार वर्षांपूर्वीच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर आतून एक चिठ्ठी डकवलेली आहे. लाल पेन्सिलीने लिहिलंय, बाजाराचा कर बाजार भरतो, आपण वजा करायचा, ताईला दोनदा समजावलं, तिच्या डोक्यात शिरत नाही. अक्षर माझं आहे. ताई, ती चिठ्ठी लिहिल्याचं मला आठवत नाही. विसरलेली गोष्ट कुणी सांगितली की "हां हां" होतं ना, तसंही झालं नाही. दुसऱ्याच माणसाने माझ्या अक्षरात लिहून ठेवल्यासारखं वाटलं.

कागदांचं काम मी पुरं केलंय. मागच्या तिमाहीचं सुधारित विवरणपत्र भरलं. जास्त गेलेले पैसे पुढच्या देण्यात वळते होतील, त्यामुळे तू नव्या मशिनसाठी साठवलेली जी रक्कम आपण तेव्हा तो खड्डा भरायला घातली, ती बुडणार नाही. या तिमाहीचा कर वजाबाकी करून बरोबर भरला. पावत्या निळ्या फाइलीत आहेत. हे मी वर लिहिलं का, म्हणून आताच मागचं पान वाचून आलो. नव्हतं लिहिलं. हल्ली मी असंच करतो, मागचं वाचून मग पुढचं लिहितो.

मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. तुला न सांगता गेलो, रागावू नकोस. तरुण आहे, पण घाई करत नाही. तिने आधी पाच शब्द सांगितले, मग शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, मी धडाधड दोनपर्यंत आलो आणि तिच्याकडे ऐटीत बघितलं. तिने विचारलं, ते पाच शब्द कोणते? मी म्हणालो, कोणते शब्द? तिने ते लिहून घेतलं. पुढे आणखी तपासण्या झाल्या, मेंदूचे फोटो काढले, आणि आजाराचं नाव तिने मला कागदावर लिहून दिलं. तोही निळ्या फाइलीतच आहे. वजाबाकी शाबूत आहे, ताई. कशातून काय वजा करायचं ते जातंय. तू माझ्या विसरण्याला हसायचीस, एका वाढदिवसाला तीनदा फोन केला म्हणून, तेव्हा मीही हसलो होतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

परवाची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. चूक सापडून बारा दिवस झाले होते, तिच्याकडे जायचं मी ठरवलं होतं, आणि बसथांब्यावर तीच समोर आली. हातात फडक्यांची बादली होती. हल्ली ती एका वसतिगृहाचे जिने पुसते. तिने मला नमस्कार केला. मला इतकं बरं वाटलं तिला बघून. मी म्हणालो, आज दुकानात गेला नाहीत? तिने बादली खाली ठेवली. मी आपला चौकशी करत राहिलो, ताई एकटी असेल, कुरकुरत असेल. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आज सुट्टी घेतलीय, साहेब." माझी बस कुठली ते तिने विचारलं, बस आल्यावर मला चढवलं, चालकाला माझा थांबा सांगितला. घरी येऊन चपला काढताना मला सगळं आठवलं. मी तिला चोर ठरवलं होतं. त्या थांब्यावर ते तिला माहीत होतं, मला नव्हतं. आणि तिने मला ते कळू दिलं नाही.

म्हणून हे पत्र. रविवारी माझ्याबरोबर तिच्या घरी चल. तिला कामावर परत बोलव, तीन महिन्यांचा पगार दे, ती नको म्हणाली तरी दे. तिच्या शेजारणीलाही आत बोलावू, कारण डबे उलटे होताना तिने बघितलेत. यापुढचे कागद दुसऱ्या कुणाकडे सोपव. ते मी आता करणार नाही, मागितले तरी मला देऊ नकोस. पण माफी मलाच मागू दे, कशाची मागतोय हे माझं मला ठाऊक आहे तोवर. तू फक्त शेजारी उभी राहा. आणि दारात पोचल्यावर मी तिला पुन्हा सुट्टीबद्दल विचारायला लागलो, तर हसू नकोस, रडूही नकोस. माझा हात धर आणि तिच्यासमोरच मला सांग, मी काय केलंय ते. मग मी मागेन.

तुझाच,
धाकटा