उजव्या हाताची विहीर

पुणे,
१२ ऑगस्ट २०२४

ती. लीलाआत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं बापू तुला ओरडून सांगताना त्यात स्वतःचं घालतात, म्हणून पत्रच बरं. वडील म्हणून त्यांना क्षमा आहे, निरोप्या म्हणून नाही. इकडे सगळं ठीक. नोकरी चालू आहे, डब्यातली भाजी ओळखू येत नाही, बाकी तक्रार नाही.

लिहायचं आहे ते वेगळंच. गेल्या डिसेंबरात मालवणच्या समुद्रातल्या शर्यतीत मी भलतीकडेच पोहत गेले आणि होडीवाल्यांनी हाका मारून मला वाटेवर आणलं, ते तुला माहीत आहे. तेव्हा आपण दोघींनी लाटांना शिव्या घातल्या. लाटांचा दोष नव्हता. परवा आमच्या प्रशिक्षकांनी, पंडित सरांनी, पोहण्याच्या तलावातले रांगा आखणारे दोर काढले आणि मला डोळे मिटून पोहायला लावलं. अर्ध्यातही पोचले नाही तोच उजव्या भिंतीवर आदळले. पुन्हा तेच. खांदा सोलून निघाला. पोहायला शिकलीस कुठे, असं सरांनी विचारलं. मी सांगितलं की राणीसावरगावला, आमच्या शेतातल्या विहिरीत, आत्याच्या हाताखाली. आणि तिथे सगळ्या पोरी प्रदक्षिणेसारख्या, विहिरीचा मध्य उजव्या हाताला ठेवून फिरतात. सर पोट धरून हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, की नोव्हेंबरपर्यंत ही उजवीकडची ओढ गेली नाही तर यंदा माझं नाव पाठवणार नाहीत.

आत्या, यंदा मालवणच्या शर्यतीतल्या पहिल्या दोघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार आहेत. मला जायचं आहे. इतकं मला आजवर कशाचंच वाटलं नव्हतं. म्हणून एक मागणं: दिवाळीला येईन तेव्हा आपल्या विहिरीत मला उलटं फिरू देशील?

रागावू नकोस. तू माझ्या पाठीवरच्या भोपळ्याची गाठ कधी सोडलीस ते मला कळलंच नव्हतं. मी आपली बांधलेला आहे असं समजून फेरी मारून आले, तर भोपळा तुझ्या मांडीवर! ते सुख मला नंतर कुठल्याच तलावात मिळालं नाही.

आईला आणि बापूंना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
निवेदिता


राणीसावरगाव,
२८ ऑगस्ट २०२४

चि. निवेदितास,
अ. उ. आ.

पत्र पावलं. पोळा तोंडावर आलाय आणि बैलांच्या शिंगांना कोणता रंग लावायचा यावरून बापू सकाळपासून घरात भांडायलाय. तुझ्या आईनं त्याला मळ्यात पिटाळलं तेव्हा कुठे लिहायला बसले.

तुझ्या सरांना सांग, हसायचं असेल तर इथे येऊन हसावं. त्यांचं पाणी चौकोनी, आमचं गोल. गोल पाण्यात पोरी गोलच फिरणार.

आता मुळातलं ऐक. मला पोहायला शिकवलं मुंजाजीकाकांनी. माझ्या लहानपणी पोरींनी पाण्यात उतरणं म्हणजे गावाला चघळायला विषय. कुणाला बोट दाखवायला जागा नको म्हणून काका विहिरीकडे पाठ करून काठावर बसायचे आणि नुसत्या आवाजावरून शिकवायचे. लीले, पाय जड पडायलेत. चतुरे, दम धर. सगळ्या एकाच दिशेनं फिरल्या तरच कोण कुठे आहे ते त्यांना कळायचं, म्हणून तो नियम. एकदा चतुरा उलटी फिरली आणि माझ्या डोक्यावर येऊन आपटली, तर काकांनी आठवडाभर कुणालाच उतरू दिलं नाही. इतक्या वर्षांत त्या माणसानं एकदाही मागे वळून बघितलं नाही. मी शाळेत मास्तरीण झाले, गावातल्या पोरींना पाण्यात उतरवायला लागले, ते त्यांच्या जोरावर.

त्यांची रीत मी मोडू? माझ्या विहिरीत उलटी फेरी होणार नाही. दिवाळीला ये, अनारसे करते. पोहशील ते सरळ रीतीनं.

रागावले आहे, तरी तुझीच,
आत्या


पुणे,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. लीलाआत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

दिवाळीत तू विषय काढला नाहीस, मीही काढला नाही. तू काठावर बसून होतीस आणि मी निमूटपणे उजवा हात आत ठेवून फिरत होते. अनारसे मात्र दोघींनी मिळून संपवले, आणि बापूंनी त्याचा आळ मांजरीवर घेतला.

आता बातमी. इकडे आल्यापासून सरांनी माझा पिच्छा पुरवला. दर थोड्या वेळानं डोकं वर काढून समोरची खूण बघायची आणि उजवा हात आवरता घ्यायचा, एवढंच पहाटेपासून. सर काठावरून छत्री आपटत माझ्याबरोबर चालतात, आणि मी वाकडी झाले की छत्री पाण्यात येते. काल डोळे मिटून समोरच्या भिंतीपर्यंत सरळ गेले. सरांनी लगेच नाव पाठवलं आणि कुणाला दिसू नये म्हणून डोळे पुसायला बाजूला गेले. मला दिसलं.

मला आनंद झालाय आणि जिवाला लागलंयही. तुझं शिकवलेलं अंगातून काढून टाकायला एवढी मेहनत घेतली, हे बरं वाटत नाही. आशीर्वाद दे, म्हणजे निश्चिंत मनानं जाईन.

तुझ्या शब्दाची वाट बघणारी,
निवेदिता


राणीसावरगाव,
२२ नोव्हेंबर २०२४

चि. निवेदितास,
अ. उ. आ.

नाव गेलं हे वाचून लय आनंद झाला. थोडं दुखलंही, ते लपवत नाही. पण शिकवणाऱ्यानं आपलंच धरून बसायचं नसतं, एवढं मास्तरकीत मला कळलंय. सरांचं ऐक. ते छत्री घेऊन तुझ्याबरोबर चालतात, म्हणजे माणूस चांगला आहे.

मी समुद्र पाहिलेला नाही, तेव्हा तिथलं मला काही सांगता येत नाही. थंडीत अंगाला लावायला करडईचं तेल पाठवते आहे. घाण्यावरचं आहे, भाजीत घालू नकोस.

आशीर्वाद मागावा लागत नाही, तो आहेच.

तुझी,
आत्या


मालवण,
१५ डिसेंबर २०२४

ती. लीलाआत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

आत्या, मी पहिली आले.

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे. सकाळी समुद्र गुळगुळीत दिसत होता, पण आत गेल्यावर पाणी सगळ्यांना डावीकडे ओढायला लागलं. मी सरांनी सांगितल्याप्रमाणे डोकं वर काढलं, तर जिथून वळायचं तो समोरचा खुणेचा लाल फुगा उजवीकडे सरकलेला. सरळ पोहत होते, तरी. पुन्हा बघितलं, आणखी सरकलेला. पुढच्या साऱ्याजणी भराभर हात मारत डावीकडे वाहत चालल्या होत्या, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

तेव्हा मी उजवा हात आवरायचं सोडून दिलं. आपली विहीर डोळ्यांपुढे आणली, तू काठावर, आणि फेरी धरली. पाणी मला डावीकडे नेत होतं आणि तुझी विहीर उजवीकडे. दोघांच्या ओढाताणीत मी फुग्यावर सरळ जाऊन पोचले. वळताना मागे बघितलं तर सगळ्याजणी लांब राहिलेल्या. परतताना ओढ उलट बाजूनं होती, तेव्हा सरांचंच ऐकलं: डोकं वर आणि उजवा हात आवरता.

वर आल्यावर सर गुडघाभर पाण्यात उभे होते. मी काय केलं ते सांगितलं तर म्हणाले की तुझ्या आत्याला माझा दंडवत कळव. मंचावर मला प्रशिक्षकांचं नाव विचारलं. मी सांगितलं की पाण्यात बघायला पंडित सरांनी शिकवलं आणि पाण्यात राहायला लीलाआत्यानं, आणि तिला मुंजाजीकाकांनी. तिन्ही नावं माइकवरून घेतली. काकांचं नाव समुद्रावर ऐकू आलं, आत्या.

तुझ्या तेलाचा वास अजून अंगाला आहे. अशीच जवळ राहा.

तुझी,
निवेदिता


राणीसावरगाव,
२६ डिसेंबर २०२४

चि. निवेदितास,
अ. उ. आ.

पत्र विहिरीवर नेऊन पोरींना वाचून दाखवलं. काकांच्या नावाशी आल्यावर पुढचं मला वाचवेना, ते तुझ्या आईनं वाचलं. टाळ्या ऐकू आल्या नाहीत, पण दिसल्या. बापू गंगाखेडहून पेढे घेऊन निघाला आणि निम्मे एसटीतच वाटून मोकळा झाला. कंडक्टरनं म्हणे दोनदा घेतले.

आता जे सांगते ते डॉक्टरांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणून मी एवढी वर्षं काठावरच बसते. परवा सकाळी कानांत तेलाचा कापूस कोंबला, जुनं लुगडं कासोटा मारून घट्ट नेसले आणि उतरले. थंडीत विहिरीचं पाणी उबदार असतं, ते मी विसरूनच गेले होते. एक फेरी रीतीनं मारली, काकांची. मग वळले आणि उलटी फेरी मारली. पोरी आ वासून बघायल्या होत्या. दोनदा भिंतीवर आदळले. ओढ माझीही उजवीकडेच आहे, तुझे सर खोटं बोलले नाहीत.

तू हरली असतीस तर मी जन्मात उलटी फिरले नसते. जिंकल्यावर हट्ट सोडायला काही वाटत नाही. परवापासून आपल्या पोरी दोन्हीकडून फिरायल्यात. काकांना पाठ करून बसावं लागलं, म्हणून त्यांना तो नियम लागला. मला कुणाची भीती आहे?

राष्ट्रीय स्पर्धेला मी येणार आहे. बापूला तिकिटं काढायला सांगून टाकलंय. किनाऱ्यावर सरांच्या शेजारी मला जागा धर. मी तुझ्याकडे तोंड करून बसेन.

लोभ वाढव.

तुझी,
लीलाआत्या