सुई नऊवर

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
बोलता-ऐकता येणारा रेडिओ सेट आला! खांद्याला लटकवायचा, बॅटरीवर चालणारा, जेवणाच्या डब्याएवढा. मामाचा सेट म्हणजे कपाटाचा सख्खा भाऊ. आणि माझ्या सेटला प्रीअँपचं बटण आहे. बारीक सिग्नल मोठा करतं. एकदा दाबलं की एक, परत दाबलं की दोन. दोनवर ठेवलं. तीन दिला नाही, ही कंपनीची चूक.

संकल्प: मामाशी रेडिओवरच बोलायचं. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान सोडून मी इकडे परदेशात निघालो तेव्हा म्हणाला होता, मला फोन करू नकोस. शिकवलेलं डोक्यात राहिलं असेल तर रविवारी, आमच्या इथल्या सकाळच्या अकराला, आपल्या फ्रिक्वेन्सीवर ये. नसेल तर राहू दे.
राहू दे तर राहू दे. मला काही फरक पडत नाही. गजर दोन लावलेत.

त्याच दिवशी, नंतर
मामा आला नाही. पण रिसेप्शन जबरदस्त! सिग्नलची ताकद दाखवणारी सुई नऊवर, खाली यायचं नाव नाही. आवाज जरा चरचरीत आहे. खोलीतला इस्त्रीवाला पांघरुणातून म्हणाला, हा तुझा मामा आहे की फोडणी?
अडाणी माणूस.

५ फेब्रुवारी
लाँड्रीत दिवसभर चादरी. घरी सांगितलंय की मी सुपरवायझर आहे. अगदीच खोटं नाही. ड्रायरमध्ये फिरणाऱ्या चादरींवर मीच नजर ठेवतो. आईने फोनवर विचारलं, हाताखाली माणसं किती? म्हटलं, मोजली नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार
कॉलसाइन, म्हणजे माझं रेडिओवरचं नाव, सांगून सांगून घसा बसला. मामाला हेही कळवलं की माझा प्रीअँप दोनवर आहे, तू कुजबुजलास तरी ऐकू येईल. उत्तर नाही. सुई नऊवर.
म्हणजे दोष तिकडेच. माझी सुई वर आहे, याचा अर्थ मी ऐकतोय. तोच बोलत नसणार, किंवा त्याचा सेट म्हातारा झालाय. आईला फोन करून म्हटलं, मामाला सांग, अँटेना बदल. आई हसली. म्हणाली, तुम्हा दोघांच्या मध्ये मी पडणार नाही, काय ते तो रेडिओवर सांगेल. का हसली कळलं नाही. कौतुकाने असेल.

१६ फेब्रुवारी, रविवार
खिडकीतून समोरच्या खांबापर्यंत अँटेनाची लांबलचक वायर ताणली. सुई नऊच्या पुढे, लाल पट्ट्यात! इस्त्रीवाला म्हणाला, सुई एवढी वर, मग मामा कुठे? सुईतलं त्याला काय कळतं.

मामा नाहीच. कुणी ऐकत नाही म्हटल्यावर बोलायचं बटण दाबून धरलं आणि मन मोकळं केलं. म्हटलं, मामा, तुझं ते धूड भंगारात घाल. रेडिओ लायसनच्या परीक्षेत मी दोनदा आपटलो ते तुझ्या शिकवण्यामुळे. मग बोलता बोलता चादरींवर घसरलो. सुपरवायझर कसला, ओल्या चादरींचे पिळे उपसतो, कंबर धरते. दुकानातलं माझं स्टूल अजून आहे का रे?
बरं वाटलं. रिकाम्या विहिरीत ओरडायची मजा वेगळीच.

१९ फेब्रुवारी
आईचा फोन. हाताखालच्या माणसांचं या वेळी काही विचारलं नाही. म्हणाली, कंबर कशी आहे? म्हटलं, सुपरवायझरची कंबर खुर्चीत असते, तिला काय होणार. आईने मध्येच फोन ठेवला.
लाइन खराब असावी.

२३ फेब्रुवारी, रविवार
सेट हाताला गरम लागला. प्रीअँप बिचारा तीन आठवडे राबतोय. त्याला एक दिवस सुट्टी द्यावी, म्हणून बंद केला. सुई धपकन खाली! वाटलं, सेट गेला. इस्त्रीवाला म्हणाला, वा, शांतता.

आणि त्या शांततेतून मामा. शेजारच्या खोलीत बसल्यासारखा. म्हणत होता की प्रीअँप बंद कर गाढवा, किती रविवार तेच सांगू? तुझ्याकडच्या गजबजलेल्या बँडवर ते बटण माझ्याबरोबर सगळा गोंगाटही मोठा करतं. आसपासची दांडगी स्टेशनं आत घुसतात आणि सेट गुदमरतो. तुझी सुई मला नाही, गोंगाटाला सलाम ठोकतेय.

मी विचारलं, मामा, तुला मी ऐकू येतो? कधीपासून?
म्हणाला, पहिल्या दिवसापासून. इथे गच्चीवर चिडीचूप असतं, तुझा शब्द न् शब्द येतो. धुडाला गिऱ्हाईक बघितलं, पण भंगारवाला म्हणाला, फार जड आहे. आणि हो, तुझी आई शेजारीच बसते. लायसन नाही म्हणून बोलत नाही. ऐकायला लायसन लागत नाही.

मी नुसतंच ओव्हर म्हटलं.

मग मामा म्हणाला, ती विचारतेय, ओल्या चादरी दोघांनी मिळून उचलता येत नाहीत का? आणि स्टूल आहे. सध्या मी त्यावर पाय ठेवतो.

२४ फेब्रुवारी
नोंद: प्रीअँपची गरज नसते, हा माझा अंदाज बरोबर निघाला.
आईला फोन केला आणि सुपरवायझरपदाचा राजीनामा दिला. म्हणाली, तो मी सोळा तारखेलाच मंजूर केला.